शेवंतीचा चहा आणि दादाचा डोळा

शेवंती डोळ्यांना चांगली असते, असं माझ्यासमोर कुणी म्हणालं की तळपायाची आग मस्तकाला जाते. आणि आजकाल म्हणणारे लई झालेत. देवीचं दर्शन घेऊन येतात, आमच्या दुकानाच्या फळीवरचं फूल हातात घेतात, हुंगतात आणि म्हणतात, "मावशी, चीनमध्ये ह्याचा चहा करतात म्हणे." करतात की! तिकडं करतात. मग तिकडं जाऊन प्या. माझ्या टोपलीत हात घालू नका.

मला चीनशी काही वैर नाही. तिथल्या वैद्यांनी माझं काय वाकडं केलंय? राग आहे तो इथल्या अर्धवटरावांवर. आणि सगळ्यात जास्त राग आहे तो माझ्या सख्ख्या भावावर, कारण त्याच्या उरल्यासुरल्या एका डोळ्यावर बेतलं ते त्याच्याच शहाणपणानं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? म्हणून लिहायला बसले.

आमचं फुलांचं दुकान अंबाबाईच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, वर ताडपत्री आणि मागं सामान ठेवायला हातभर खोली. वडिलांनंतर थोरला भाऊ तिथं बसायला लागला, आणि नवरा गेल्यावर मीही येऊन बसले. हार दादा करतो, वेण्या आणि गजरे मी करते. दादाच्या हाराला गल्लीत तोड नाही, हे मी रागात असले तरी कबूल करते. शेवंतीचा हार ओवताना तो प्रत्येक फुलाचं तोंड एका बाजूला आणतो, सुई देठातनं अशी घालतो की एक पाकळी हलत नाही. माणूस मात्र हट्टी. म्हशीनं रस्त्यात बसकण मारली की कशी उठत नाही, तसा. आणि त्याला वाटतं, फुलातलं त्याच्याइतकं देवालाही कळत नाही.

दादाला काचबिंदू आहे. हा शब्द उच्चारला की लोक मोतीबिंदू ऐकतात आणि म्हणतात, "मग आपरेशन करून टाका की, आजकाल सोपं झालंय." नव्हे हो, काचबिंदू! यात डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही. नजर कडेकडेनं कमी होते आणि माणसाला वाटतं, आपलं सगळं ठीक चाललंय. दादाचा उजवा डोळा असाच गेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं त्याला नेलं तेव्हा त्या डोळ्यात उजेड-अंधार कळण्यापुरतंच काही उरलं होतं. डावा बऱ्यापैकी शाबूत होता. बाई स्वच्छ म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखायचं. रोज संध्याकाळी हा थेंब, कायमचा. एक दिवस चुकवायचा नाही."

त्या थेंबांनी दादाचे डोळे लाल व्हायचे. जास्त नाही, पण पहाटे लालसर दिसायचे. आता हा माणूस माळकरी. बिडीला शिवत नाही, कुणाच्या लग्नात सोडासुद्धा संशयानं पितो. आणि सकाळी सकाळी गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडं बघून म्हणणार, "काय मालक, रात्री बैठक जोरात बसलेली दिसतीया!" एक-दोघं तसं म्हणाले. चेष्टेनं म्हणाले, पण दादाला ते लागलं. देवीच्या दारात बसून हार विकणाऱ्याला लोक दारुडा समजायला लागले, तर मग राहिलं काय? तो गॉगल घालून बसायला लागला, तर लोक आणखी हसले.

"अरे, डॉक्टरीणबाईंना सांग की, डोळं लाल होत्यात म्हणून," मी म्हणाले.

"त्यास्नी काय सांगायचं? औषध म्हटल्यावर जळणारच," दादा म्हणाला. हे त्याचं उत्तर. पायाला चप्पल लागली तर बदलून आणणारा माणूस, पण डॉक्टरपुढं तोंड उघडायचं म्हटलं की वाचा बसते. आमच्याकडं सगळ्या पुरुषांचं हेच आहे. चौकात मुख्यमंत्र्याला शहाणपण शिकवतील, आणि दवाखान्यात विचारलं की "बरं हाय" म्हणून उठून येतील.

अशात एक सर आले. कुठल्याशा शाळेतनं निवृत्त झालेले. सकाळी रंकाळ्याला फिरून येताना आमच्याकडनं देव्हाऱ्यासाठी फुलं न्यायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आरोग्याची पाकिटं विकायला सुरुवात केली होती. कुठल्या कंपनीची ते मला माहीत नाही आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. एके दिवशी त्यांच्या हातात काचेची बाटली होती. आत पिवळसर पाणी आणि त्यावर तरंगणारी सुकी फुलं, पाण्यानं फुगून परत उमललेली.

दादानं मान वाकडी करून नीट बघितलं आणि खो खो हसला. "सर, ही तर आपली शेवंती!"

"ही चिनी शेवंती," सर म्हणाले, आणि फळीला टेकून त्यांनी तास सुरू केला. शेवंती म्हणे थंड. अंगातली उष्णता उतरवते. चिनी वैद्यकात डोळ्याचं नातं लिव्हरशी लावतात. लिव्हर तापलं की डोळे लाल होतात, चुरचुरतात, डोकं धरतं, आणि शेवंतीनं लिव्हर शांत होतं. पिवळी शेवंती ताप-पडशाला, डोकेदुखीला. पांढरी खास डोळ्याला. त्यात लाल मनुक्यासारखी कसली तरी सुकी फळं टाकायची, की नजर स्वच्छ. "शेकडो वर्षं पितात ते लोक," सर म्हणाले. "आहे का कुणाला साइड इफेक्ट? ह्यानं हळूहळू सगळी औषधं सुटतात."

माझ्या हातातली सुई तिथंच थांबली. शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. आणि दादानं काय ऐकलं, तेही मला त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानं एवढंच ऐकलं: डोळे लाल होणं, आणि शेवंती.

सरांनी पाकीट पुढं केलं. दादानं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि परत दिलं. "सर, मी जल्मभर शेवंतीत बसलोय. मी शेवंती इकत घेतली तर माझा बाप सपनात यिऊन जोड्यानं मारंल मला." सर हिरमुसले, मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, चला, सुटलो. चिकटपणानं का होईना, माणूस वाचला. कपाळ माझं! तो वाचला नव्हता, त्यानं फक्त पाकिटाचा खर्च वाचवला होता.

आठवड्याभरानं मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले. आमचं घर एकच, खाली दादा-वहिनी, वर माझी खोली. गच्चीवर वहिनीची जुनी सुती साडी पसरलेली, आणि तिच्यावर पांढरी शेवंती. देठ खुडून, पाकळ्या वर करून, ओळीनं मांडलेली. मला वाटलं, फुलं भिजली असतील, सुकायला टाकलीत. वहिनी मागनं ओरडली, "वन्सं, पदर सांभाळा! औषध हाय ते!"

"कसलं औषध?"

"तुमच्या भावाच्या डोळ्याचं. चिनी." वहिनी हे असं म्हणाली जसं काय तिचं माहेरच चीनमध्ये आहे.

आता फूलवाल्याच्या घरात जन्म गेला माझा, त्यामुळं त्या साडीवर काय वाळत होतं ते मला चांगलं माहीत होतं. आमची शेवंती जयसिंगपूरच्या बाजूनं येते, थोडी बेळगावकडनं. तिच्यावर मावा पडतो, फुलकिडे पडतात, करपा येतो. म्हणून तिच्यावर फवारतात. कधीकधी तोडायच्या आदल्या दिवसापर्यंत पंप पाठीवर असतो. त्यात शेतकऱ्याचा काय दोष? पाकळीवर एक तपकिरी ठिपका असला तर हेच दर्शनाला आलेले लोक फूल बाजूला टाकतात. ती शेवंती देवीच्या गळ्यात घालायला पिकवलेली असते. देवी फूल हुंगते, खात नाही, म्हणून चालतं. टोपली उघडली की फवारणीचा वास आमच्या नाकात जातो आणि आम्ही हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवत नाही. हा नियम वडिलांचा. दादा स्वतः मला लहानपणी हातावर फटके मारून हात धुवायला लावायचा.

मी तशीच खाली गेले. दादा पितळी पेल्यातनं ते पिवळं पाणी फुंकर घालून पीत बसला होता.

"दादा, येड लागलंय व्हय तुला? फवारलेली फुलं पितोस?"

"उकळून पितोय की. उकळत्या पान्यात सगळं मरतंय."

"किडा मरतो! औषध मरतंय व्हय?"

"चिनी लोक मेले का पिऊन?"

"अरे, ते पिण्यासाठी वेगळी पिकवत असतील! खायची भाजी आणि शोभेचं झाड एक असतंय का?"

"फूल ते फूल," दादा म्हणाला. "तायडे, तू मला शेवंती शिकवू नगंस." आणि त्यानं माझ्याकडं बघत बघत उरलेला पेला संपवला. मुद्दाम. मला खिजवायला.

वहिनी त्याच पाण्यात कापूस भिजवून त्याच्या पापण्यांवर घड्याही ठेवायची. मी आठवडाभर त्या दोघांशी बोलले नाही. दुकानात शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही हे फार अवघड काम आहे. सुईदोरा मागायचा तरी खाकरून मागावा लागतो. पण खरं सांगते, तेव्हा मला काळजी होती ती पोटाची. उलट्या होतील, तोंड येईल, असलं काहीतरी. डोळ्याची काळजी नव्हती, कारण मला वाटत होतं, थेंब चालूच आहेत.

आणि गंमत म्हणजे दादाचे डोळे पांढरे झाले! लाली गेली. गॉगल गेला. गिऱ्हाइकांना तो आपणहून सांगायला लागला, "शेवंतीची करामत." मग काय विचारता! सुकवलेली शेवंती पुड्या बांधून फळीखाली ठेवली आणि ज्याला डोळ्याची तक्रार असेल त्याला फुकट द्यायला लागला. फुकट दिलं की लोक औषध जास्त मानतात. जोतिबाला जाऊन येणारी पावणं मंडळी पुडी कपाळाला लावून न्यायची. मी ओरडायचे, "अहो पावणं, ते फवारलेलं आहे!" तर ते हसून म्हणायचे, "मावशीचा धंदा बुडंल म्हणून बोलत्यात." बोला आता!

मला थेंबांचं कळलं ते मार्गशीर्षात. वहिनीनं मला फ्रिजमधनं कोथिंबीर काढायला सांगितली. दारातल्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या पिशवीमागं, थेंबांचं खोकं होतं. मी सहज उचललं. बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं. ही बाटली मीच दसऱ्याच्या आधी आणून दिली होती. एकदा फोडली की महिनाभरच चालते, हे मला माहीत होतं. कोथिंबीर तिथंच टाकून मी बाटली घेऊन बाहेर आले.

"हे काय आहे?"

दादा हार ओवत होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीच्या घटाला हार लागतात, त्यामुळं घरीही काम चालायचं. त्यानं मान वर केली नाही. "नको आता ते."

"कुणी सांगितलं नको म्हणून?"

तेव्हा त्यानं मान वर केली, बोटानं डावी पापणी खाली ओढली आणि डोळा माझ्यासमोर आणला. "बघ. हाय लाली? हातच्या काकणाला आरसा कशाला? ते थेंब घालत हुतो तवर डोळं जळत हुतं. सोडलं, फूल घेतलं, डोळा गार. तूच सांग, औषध कुठलं आनि रोग कुठला?"

डोळा खरोखर स्वच्छ होता. अगदी लहान मुलाच्या डोळ्यासारखा. मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडं चल."

"मार्गशीर्ष संपू दे."

"दादा, पाया पडते तुझ्या."

"सीझन सोडून दवाखान्यात जाऊ? गुरवार संपू देत, मग बघू," तो म्हणाला, आणि सुई पुढच्या फुलात घातली. मी वहिनीकडं बघितलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, इतकी वर्सं ते थेंब घालत हुते, काय उजेड पडला? आता बरं हाय तर तुम्ही कशाला कुरबूर करताय?" मी त्या दिवशी माझं ताट वर नेलं आणि एकटीच जेवले. जेवले कसली, गिळलं.

रिकाम्या वेळात मी फोनवर वाचायला लागले. चिनी वैद्यकात शेवंतीबद्दल काय आहे ते शोधून शोधून वाचलं. सर म्हणाले होते त्यातलं बरंचसं तिथं होतं, थंड गुण, लिव्हर, लाल डोळे, डोकेदुखी. पण तिथला वैद्यही नाडी बघतो, जीभ बघतो, माणसाची प्रकृती बघून चार-सहा वस्तू एकत्र करून देतो. थंड प्रकृतीच्या माणसाला, पोट नाजूक असलेल्याला शेवंती जपून द्यावी, हेसुद्धा त्यांच्याकडं आहे. आतल्या दाबावरचे थेंब सोडून फूल प्या, असं मला कुठं दिसलं नाही. म्हणजे ज्यांची विद्या, त्यांनी सांभाळून सांगितलेली. आणि आमच्याकडं येईपर्यंत तिच्यातला वैद्य गळून पडला, नाडी गळून पडली, जीभ गळून पडली, आणि राहिलं काय? काचेची बाटली आणि त्यात तरंगणारं फूल! मी दादाला वाचून दाखवायला गेले. तो म्हणाला, "फोनात काय बी असतंय." सरांच्या तोंडातलं तेवढं खरं आणि फोनातलं काय बी.

मग शेवटचा गुरुवार आला. सकाळी रिक्षातनं माल उतरवायचा होता. दादानं शेवंतीची पाटी डोक्यावर घेतली आणि गल्ली ओलांडायला पाय टाकला. डाव्या बाजूनं मोपेडवर कॉलेजची एक पोरगी येत होती. हळू येत होती, गर्दी होती. तिनं हॉर्न दिला, दादानं थांबायचं तर सोडाच, तो सरळ तिच्या अंगावर गेला. मोपेड आडवी झाली, पोरगी पडली, दादा पडला, पाटी पालथी. पोरीचा गुडघा सोलला, दादाच्या मनगटाला लागलं. रस्ताभर शेवंती झाली आणि मागनं येणारी दुचाकी तिच्यावरनं गेली.

पोरगी रडत रडत म्हणत होती, "काका, मी काय बोळातनं आले का हो? समोर मोकळ्या रस्त्यात होते. हॉर्न पण दिला!"

दादा रस्त्यात बसल्या बसल्या तिच्याकडं तोंड वळवून बघत होता. त्याला हॉर्न ऐकू आला होता. तो कुठनं येतोय ते त्याला दिसलं नव्हतं. हे मला त्याच्या तोंडावर दिसलं, आणि मला जी भीती वाटली ती मी कधी विसरणार नाही. मी फळीवर ताडपत्री ओढली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमचं दुकान बंद, असं आमच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. दादा "माल वाया जाईल" म्हणत होता. मी म्हणाले, "जाऊ दे मसणात." त्याच रिक्षात त्याला बसवला.

दवाखान्यात डोळ्याचा दाब तपासला. तपासणाऱ्या मुलीनं आकडा बघितला, परत तपासला आणि उठून आत गेली. मग नजरेच्या कडा मोजायचं मशीन. पांढऱ्या वाडग्यासारखं असतं, त्यात हनुवटी टेकवून बघत राहायचं, आत बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी स्टुलावर बसले होते. आधीच्या तपासणीला बटण टकटक वाजायचं, ते मला आठवत होतं. आता एकदा वाजलं, मग बराच वेळ काही नाही. परत एकदा वाजलं. परत काही नाही.

ती मुलगी म्हणाली, "काका, झोपलात का?"

"न्हाई गं," दादा म्हणाला. "तू दिवा लाव की."

"दिवे चालूच आहेत, काका."

तो बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला. मला त्या क्षणी त्याला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही करता आलं नाही. पदर तोंडात कोंबून मी तशीच बसले.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. मागच्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या चित्रात काळं, म्हणजे न दिसणारं, थोडं होतं, आता पांढरं थोडं होतं. मधोमध एक ठिपका. "नळीतनं बघितल्यासारखं दिसत असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "समोरचं दिसेल. कडेचं नाही. थेंब कधीपासून बंद आहेत?"

दादा अजूनही वाद घालत होता. "पण बाई, डोळा गार हुता की. लाली बी गेलती. दुखत बी नव्हतं काय."

"दाब दुखत नाही, काका. आणि लाली थेंबांमुळंच येत होती. काहींना येते. थेंब बंद केलेत म्हणून ती गेली." त्यांनी कागद उचलून फायलीत ठेवला. "मला एकदा सांगायचं होतंत. दुसरे थेंब दिले असते. बरेच प्रकार असतात."

एवढंच. बाटली बदलून मिळाली असती! एक वाक्य बोलायचं होतं, "बाई, डोळं लाल होत्यात." त्या एका वाक्याची लाज वाटली आणि त्यापायी हा माणूस दसऱ्यापासून फवारलेली फुलं उकळून पीत बसला. थेंब सोडल्यानं लाली गेली आणि मान मिळाला फुलाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. बाहेर आल्यावर मी दादाला बोलले. रस्त्यात, लोकांसमोर. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बापाचं नावसुद्धा काढलं. तो मान खाली घालून ऐकत होता, म्हणून मला आणखीच राग आला.

सर दोन दिवसांनी नेहमीप्रमाणे फुलं न्यायला आले. मी त्यांची वाटच बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मी थेंब बंद करा असं म्हणालोच नव्हतो. आणि त्यांनी आमचं पाकीट घेतलंच कुठं? ती साधी बाजारातली फुलं." वर म्हणाले, "आमचं घेतलं असतं तर..." मी पाण्याचा तांब्या उचलला. फुलांवर शिंपडायला भरलेला होता. सरांनी तो माझ्या हातात बघितला आणि फुलं न घेता गेले. तेव्हापासून पलीकडच्या दुकानातनं नेतात. खुशाल न्या.

दादाला नवीन थेंब सुरू झाले. वहिनी घालते, मी उभी राहून बघते. फळीखालच्या पुड्या मी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. पण ज्या वाटल्या गेल्या, त्यांचं काय? मी दादाला म्हणाले, "ज्यांना ज्यांना दिलीस, ते परत येतील. त्यांना सांग, काय झालं ते." तो नाही म्हणाला. "लोक हसतील," म्हणाला. "गाडीला धडकलो, लागलं, एवढं बास." एक जण येऊन विचारून गेला, तर दादा म्हणाला, "संपली पुडी." संपली! मी त्याच्यासमोर फळीवर हात आपटला. "आणखी कुणाचा डोळा जाऊ दे, तुझी अब्रू राहू दे! वा रे माळकरी!" तो बोटांनी देठ चाचपत सुई घालत राहिला.

आणि मग परवा एक बाई आली. इचलकरंजीची असावी, बोलण्यावरनं वाटलं. हातात ओटीचं ताट. दर्शन झालं होतं. ती फळीच्या समोर उभी राहून म्हणाली, "मालक, ते तुमचं डोळ्याचं फूल द्या की थोडं. आमच्या मामंजींसाठी. त्यांस्नी काचबिंदू हाय. थेंबांनी डोळं लाल होत्यात नुसतं."

मी तोंड उघडलं. दादानं हार खाली ठेवला आणि हात वर करून मला थांबवलं.

"वैनी," तो म्हणाला, "जरा माझ्या डाव्या अंगाला या. हितं, ह्या खांबापाशी. आनि हात हलवा."

बाईला वाटलं, औषध द्यायची काही रीत असेल. ती खांबापाशी आली आणि ओटीचं ताट एका हातात धरून दुसरा हात हलवायला लागली. दादा समोर बघत राहिला, मान न वळवता.

"हलिवताय?"

"हलवतीय की, कवाचं."

"मला दिसंना," दादा म्हणाला. "ह्योच डोळा राखायचा हुता, वैनी. ती शेवंती पिऊन घालवला म्या. फुलाचा दोष न्हाई, माझा हाय. थेंब सोडलं म्या. मामंजीस्नी जाऊन सांगा, डोळं लाल होत्यात तर डाक्टरला सांगा, दुसरं थेंब देत्यात ते. लाजू नका म्हणावं. सोडू नका म्हणावं. एक दीस बी."

गल्लीतनं माणसं जात होती. दोघं-तिघं थांबून ऐकत होते. कुणी हसलं नाही.

"अजून हात हलिवताय न्हवं?" दादानं विचारलं.

बाईनं हात केव्हाच खाली घेतला होता.